रास अल खोरला चार गोलांची सूट

मीटिंगमध्ये गप्प बसणं ज्याला जमतं, तो माणूस कधी सेक्रेटरी होत नाही. उपेंद्र चांदोरकर दुबई-शारजाच्या सीमेवरच्या अल नहदाच्या मराठी फुटबॉल लीगचा सेक्रेटरी होता, यावरून काय ते ओळखावं. सेक्रेटरीचं काम म्हणजे भाड्याचं मैदान बुक करायचं, शिट्टी हरवली की नवी आणायची आणि दोन्ही संघांच्या शिव्या निःपक्षपातीपणे ऐकून घ्यायच्या. लीगमध्ये सहा संघ होते, त्यांत शार्क्स सगळ्यात तगडे. दर शनिवारी संध्याकाळी मॅचेस होत आणि कोण जिंकणार हे गुरुवारपासूनच सगळ्यांना माहीत असे. त्यामुळे बघायला कुणी येत नसे. जे यायचे ते मॅच संपल्यावर आपापली मुलं उचलून न्यायला यायचे.

सगळ्यात पक्का निकाल रास अल खोरच्या संघाचा. तिकडच्या कांदे-बटाट्याच्या गोदामांत काम करणारी ही पोरं पोलादपूर-महाड बाजूची, मूळची कबड्डीतली. चेंडू घेऊन कुणी जवळ आला की त्यांचे हात आपसूक त्याच्या घोट्याकडे जात. रेफरी शिट्टी वाजवी, पेनल्टी देई, आणि पोरांच्या चेहऱ्यावर ‘एवढी छान पकड केली, त्यात चुकलं काय?’ असा निरागस प्रश्न उमटे. पहिल्याच मॅचला त्यांनी सात गोल खाल्ले होते.

“लीग बंदच करूया,” मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात उपेंद्रने तोंड उघडलं.

त्याच्या ऑफिसातला मॅनेजर अमेरिकन होता. अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात ऑफिसात दर आठवड्याला सगळे मॅचेसचे अंदाज सांगत. त्या अंदाजांत उपेंद्र सबंध मोसम शेवटचा आला, कारण तो खेळ हाताने खेळतात हे त्याला अर्धा मोसम उलटल्यावर कळलं. पण त्यातली एक गोष्ट त्याच्या डोक्यात घर करून बसली. कोण जिंकणार, हा प्रश्नच तिथे नव्हता. किती फरकाने जिंकणार, हा होता. दुबळ्या संघाला आधी काही गुण द्यायचे आणि मग अंदाज बांधायचा. त्याला ते ‘स्प्रेड’ म्हणत. उपेंद्रने त्याचं मराठी केलं, सूट.

“समजा, शार्क्स विरुद्ध रास अल खोर,” तो उभा राहून समजावू लागला. “आपण रास अल खोरला चार गोलांची सूट दिली. आता शार्क्स पाच किंवा जास्त गोलांनी जिंकले, तर शार्क्स म्हणणारे बरोबर. तीन किंवा कमी गोलांनी जिंकले, तर रास अल खोर म्हणणारे बरोबर.”

“आणि चारच गोलांनी जिंकले तर?” राजाभाऊंनी विचारलं. राजाभाऊ उपेंद्रच्या वरच्या मजल्यावर राहत, सल्ला मात्र सगळ्या मजल्यांवर देत.

“मग कुणीच बरोबर नाही, कुणीच चूक नाही.”

“मग मॅच कशाला खेळायची? त्यापेक्षा साडेतीन ठेव.”

“अर्धा गोल कसा मारतात?” मागून कुणीतरी विचारलं. चेंडू पोस्टला लागून परत आला की तो अर्धा धरावा, अशी सूचना आली, तिला अनुमोदन मिळालं आणि त्यावर चर्चा एवढी रंगली की लीग बंद करायचा विषय मागेच पडला. शेवटी ठरलं ते असं: पैशाचा काडीचा संबंध नाही. ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतील, त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी बटाटेवडे करून आणायचे. आकडा ठरवायचा उपेंद्रने, दर मंगळवारी.

घरी आल्यावर त्याने हे मोठ्या उत्साहाने बायकोला, कुंदाला, सांगितलं. ती म्हणाली, “सूटच द्यायची तर मॉलसारखी द्या ना. एका गोलावर एक फ्री.”

केयाने फोनमधून मान वर केली नाही. “बाबा, इट्स कॉल्ड अ हँडिकॅप. एव्हरीवन नोज दॅट.”

मोठ्या कल्पनांची सुरुवात घरच्यांच्या अशाच थंडपणातून होते, असं उपेंद्रने स्वतःला सांगितलं आणि मंगळवारी लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘शार्क्स वि. रास अल खोर +४’.

बुधवारी संध्याकाळी इंटरकॉम वाजला. खाली वॉचमन होता. “साब, नीचे पूरी टीम खडी है. बोलते हैं, सूटवाले साब से मिलना है.”

संघ दोन लिफ्टमधून वर आला. पहिल्या लिफ्टमधल्यांनी दुसरी लिफ्ट येईपर्यंत भांडण सुरू केलं नाही, एवढी त्यांच्यात शिस्त होती. दाराबाहेर चपलांची रांग लागली. कुंदाने एकदा त्या रांगेकडे पाहिलं आणि चहाचं मोठं पातेलं काढलं. कॅप्टन किसन गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. तो सोफ्याच्या अगदी कडेवर बसला.

“साहेब, आमच्या नावापुढं हे अधिक चार कशाला?”

उपेंद्रने सगळं पहिल्यापासून समजावलं. किसन लक्ष देऊन ऐकत होता.

“म्हणजे चार गोल आम्हाला आधीच मिळणार?”

“नाही, नाही. खेळताना शून्यापासूनच सुरुवात.”

“मग ते चार गोल जाणार कुठं?”

“ते फक्त अंदाज सांगणाऱ्यांसाठी.”

“म्हणजे आम्हाला मिळणार काहीच नाही, आणि बोभाटा अख्ख्या दुबई-शारजात.” किसनने साथीदारांकडे पाहिलं. “अपमान केला तो केला, तोही फुकटात.”

मंडळींनी चहा घेतला, कप नीट ओट्याजवळ नेऊन ठेवले, कुंदाला “येतो ताई” म्हटलं, आणि जाता जाता किसनने दारातून सांगितलं, “आमचं नाव काढा लीगमधून. खलास.”

उपेंद्रला ते फार लागलं. लीग वाचवायला निघालेल्या माणसामुळे लीग बुडावी, हे त्याला न्यायाला धरून वाटेना. पाच संघांचं वेळापत्रक काही केल्या बसत नव्हतं. “आकडा शून्य कर,” राजाभाऊंनी सल्ला दिला. उपेंद्रने शून्य केला. पाच मिनिटांत सगळ्या ग्रुपने शार्क्स सांगितलं, म्हणजे पुन्हा मूळ पदावर. “मग एक कर.” त्याने एक केला. लगेच शार्क्सचा कॅप्टन नीरव याच्या आईचा, प्रज्ञाताईंचा, फोन. “उपेंद्रभाऊ, माझा नीरव त्या गोदामवाल्यांपेक्षा एकाच गोलाने बरा? लहानपणापासून कोचिंगला जातोय तो!” उपेंद्रने पुन्हा चार लिहिले. निदान ह्या आकड्यावर एक आई तरी खूश होती.

हे कमी होतं म्हणून की काय, दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या ऑफिसातून निरोप आला: मॅनेजर हाफिजा मॅडमनी भेटायला बोलावलंय, फ्लॅटमध्ये जुगार चालतो अशी तक्रार आहे.

नोकरी, व्हिसा, केयाची शाळा, सगळं उपेंद्रच्या डोळ्यांसमोरून गेलं. “मी आधीच सांगितलं होतं,” कुंदा म्हणाली. तिने काहीही सांगितलं नव्हतं, पण ते दाखवून द्यायची ही वेळ नव्हती. तो इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेला.

हाफिजा मॅडमच्या टेबलावर एक कागद होता, कोपऱ्यांना सेलोटेप लोंबत असलेला. त्यावर राजाभाऊंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘अंदाज लावा! वडे जिंका! शार्क्स वि. रास अल खोर +४. संपर्क: चांदोरकर.’ खाली हेच हिंदी आणि इंग्रजीतही. राजाभाऊंनी प्रसिद्धीसाठी हा कागद परस्पर लिफ्टमध्ये लावला होता. सल्ला देऊन झाल्यावर त्यांच्याकडे वेळ उरला असावा.

“मिस्टर उपेंद्र, इस देश में जुआ नहीं चलता. आपको मालूम है ना?”

“मालूम है, मॅडम. नो मनी. एक दिरहॅम भी नहीं.”

“तो ये वडा क्या है?”

“बटाटा वडा, मॅडम. आलू का.”

“जीतनेवाले को मिलता है?”

“नहीं. हारनेवाला बनाके लाता है. सब लोग खाते हैं.”

“तो जीतनेवाले को क्या मिलता है?”

उपेंद्रने हा विचार आजवर केलाच नव्हता. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “कुछ नहीं, मॅडम. वो भी वडा खाता है.”

हाफिजा मॅडमनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, “ये जुआ नहीं है. ये पिकनिक है.” उपेंद्र उठायला लागला. “लेकिन लिफ्ट में बिना परमिशन कागज लगाया, ये सीरियस बात है.” त्यांनी त्याच्याकडून, लिफ्टच्या भिंतीला यापुढे काहीही चिकटवणार नाही, असं लिहून घेतलं, सही घेतली आणि रहिवासी ओळखपत्राची प्रतही मागितली. प्रत धूसर आली म्हणून त्याला पुन्हा पाठवलं. जुगारातून सुटलेला माणूस सेलोटेपमध्ये अडकला. दाराशी पोचल्यावर मागून आवाज आला, “और ये प्लस फोर… ये चार किसको मिला?” त्याने सांगितलं. “बेचारे,” हाफिजा मॅडम म्हणाल्या.

हा ‘बेचारे’ शब्द उपेंद्रला घरापर्यंत टोचत राहिला. चार लिहिताना त्याच्या मनात दया नव्हती. त्याने हिशेब केला होता. पण लोकांना त्यात दयाच दिसत होती, आणि किसनलाही तीच दिसली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो गाडी काढून रास अल खोरला गेला.

गाडीतल्या जीपीएसच्या बाईने ‘तुम्ही पोचलात’ असं सांगितलं तेव्हा समोर बटाट्याचा ट्रक होता. गोदामांच्या सारख्या दिसणाऱ्या गल्ल्यांतून विचारत विचारत तो पोचला, तेव्हा किसन फोर्कलिफ्टवरून कांद्याच्या पोत्यांची चळत उतरवत होता. त्याने काम पुरं केलं, मगच खाली उतरला.

“साहेब, तुम्ही इकडं?”

“माफी मागायला आलोय. आकडा काढून टाकतो. शून्य लिहितो.”

“खोटं लिहिणार?”

किसनने एक रिकामा क्रेट उलटा करून त्याला बसायला दिला. “एक खरं सांगा. चारच कसा काढलात? पाच का नाही, तीन का नाही?”

“पहिल्या मॅचला तुम्ही सात खाल्ले,” उपेंद्र म्हणाला. “तेव्हा तुम्ही सगळे चेंडूमागे धावत होता. नंतर दोघं मागे थांबायला लागले. तुमचा गोलकीपर नीलेश आता पुढे येऊन चेंडू अडवतो. आणि मागच्या वेळी दुसऱ्या हाफमध्ये कुणी कुणाची तंगडी धरली नाही. म्हणून म्हटलं, शार्क्सविरुद्ध चार.”

“तुम्ही आमच्या मॅच बघता?”

“सगळ्या. दुसरं कोण असतं तिथे?”

किसनने वळून गोदामात हाक मारली, “ए नीलेश! ए, या रे सगळे! साहेब म्हणतात, सातावरनं चारावर आलो आपण. तीन गोलांनी सुधारलो!”

पोत्यांमागून एकेक डोकं बाहेर आलं. ही गोष्ट त्यांना अजून कुणी सांगितली नव्हती. चहा आला. नीलेशने हळूच विचारलं, “साहेब, तीन करा की.”

“आधी खेळून दाखवा,” उपेंद्र म्हणाला. आपण एवढं कडक बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. पण पोरं हसली.

“मग बघाच,” किसन म्हणाला. “नाव राहू द्या आमचं.”

त्या शनिवारी मैदानाच्या कडेला पहिल्यांदाच गर्दी होती, कारण जवळजवळ प्रत्येकाने शार्क्स पाचने जिंकणार असं सांगितलं होतं आणि वड्यांचा प्रश्न होता. शार्क्सनी पहिला गोल मारला, दुसरा मारला. हाफनंतर तिसरा. मग रास अल खोरवाले जे गोलसमोर उभे राहिले, ते पोत्यांच्या थप्पीसारखे. प्रज्ञाताई “नीरव, शूट!” म्हणून ओरडत होत्या. नीलेशने एक चेंडू पोटावर घेतला, एक गुडघ्यावर, एक कशावर घेतला ते त्यालाच कळलं नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा तीन-शून्य.

आणि हरलेला संघ नाचायला लागला. नीलेशला खांद्यावर घेऊन त्यांनी मैदानाला फेरी मारली. नीरव मधोमध उभा राहून सांगत होता, “बट वी वन! गाईज, वी वन!” पण त्याच्याकडे कुणी बघेना. त्याची आईसुद्धा बघेना.

“दे लॉस्ट,” केया म्हणाली. “व्हाय आर दे डान्सिंग?” पण फोन खिशात ठेवून ती बघत होती.

जवळजवळ सगळेच सारखे चुकल्यामुळे पुढच्या शनिवारी घराघरांतून एवढे बटाटेवडे आले की शेजारी क्रिकेट खेळणाऱ्या मल्याळी मंडळींना बोलावून ते संपवावे लागले.

त्यानंतर मंगळवारची वाट सगळे बघू लागले. रास अल खोरची सूट तीनवर आली, मग दोनवर. दर सोमवारी किसनचा फोन येई. “साहेब, दोन जास्त होतात. एकावर या ना.” सूट कमी करा म्हणून घासाघीस करणारं गिऱ्हाईक त्या देशात बहुधा हे पहिलंच. पोरं शिफ्ट संपली की गोदामामागच्या मोकळ्या जागेत सराव करायची. हात पाठीमागे बांधून धावायचा सराव किसनने मुद्दाम ठेवला होता, पकडीची सवय जावी म्हणून. लिफ्टमध्ये हाफिजा मॅडम भेटल्या की बाकी कुणी नाही ना बघून विचारत, “इस हफ्ते कितना?”

शेवटची मॅच अबुधाबीच्या संघाशी होती. हे बँकांतले, तेल कंपन्यांतले लोक. एकसारख्या गाड्यांतून येत, एकसारखे पाण्याचे थंडगार फ्लास्क आणत. पण या मोसमात त्यांच्यातल्या निम्म्यांचे गुडघे कुरकुरत होते आणि ते उपेंद्रने बाजूला बसून बघितलं होतं. मंगळवारी तो बराच वेळ फोन हातात घेऊन बसला. मग त्याने लिहिलं: ‘रास अल खोर वि. अबुधाबी +१’.

म्हणजे सूट अबुधाबीला. जिंकतील ते रास अल खोर.

ग्रुपवर एकच गदारोळ उडाला. “टायपिंग मिस्टेक?” “चांदोरकर, तब्येत बरी आहे ना?” अबुधाबीच्या कॅप्टनने फोन करून, आपल्या संघाचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता, हे अतिशय सभ्य इंग्रजीत सांगितलं. राजाभाऊ म्हणाले, “प्रेमात माणूस आंधळा होतो.” सगळ्यांनी अबुधाबी सांगितलं. एकट्या कुंदाने रास अल खोर लिहिलं. “का?” उपेंद्रने विचारलं. “कप उचलून ठेवणारी पोरं आहेत,” ती म्हणाली.

किसनचा मात्र फोन आला नाही.

शनिवारी रास अल खोरचा संघ मैदानात उतरला. पोरं चालत होती ती परीक्षेला चालल्यासारखी. सोपे पास चुकत होते. दोनदा तर हात पुन्हा घोट्यांकडे गेले. अबुधाबीने रमतगमत एक गोल मारला. हाफटाइमला किसन घामाने निथळत उपेंद्रजवळ आला.

“साहेब, तो आकडा काढा. पाय उचलत नाहीत पोरांचे. आजवर आमच्याकडनं कुणाला काही अपेक्षा नव्हती, तेच बरं होतं.”

उपेंद्रने खिशातल्या फोनला हात लावला. काढणं अगदी सोपं होतं. सगळ्यांना बरंच वाटलं असतं, अबुधाबीला तर फारच.

“नाही काढणार,” तो म्हणाला.

“साहेब—”

“किसन, मी तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही लिहिला. चार लिहिले तेव्हाही नाही आणि हा आताचाही नाही. मला जे दिसलं ते लिहिलं. चुकलो तर हसतील ते मला. तुम्ही फक्त खेळा.”

किसनने कपाळावरचा घाम पुसला आणि परत गेला. त्याने पोरांना गोळा करून काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या हाफमध्ये ती धावायला लागली. अबुधाबीचे गुडघे थकत गेले आणि यांचे पाय मोकळे होत गेले. शार्क्सची पोरं कडेला उभी राहून रास अल खोरच्या नावाने ओरडू लागली, त्यात नीरवचा आवाज सगळ्यात मोठा. नीलेशने चेंडू लांब फेकला, कुणीतरी डोकं लावलं आणि जाळं हललं. एक-एक. कुंदाने राजाभाऊंच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की त्यांचा चष्मा निसटला.

शेवटच्या मिनिटाला चेंडू थेट किसनच्या पायाशी आला. समोर फक्त गोलकीपर. किसनने मारला, आणि तो खांबाच्या बाहेरून वीतभर अंतरावरून गेला. शिट्टी झाली.

बरोबरी. मोसमातला त्यांचा पहिला गुण. कडेची माणसं मैदानात धावली. केया “दे डिड इट!” म्हणत उड्या मारत होती आणि कुठूनशा येऊन उभ्या राहिलेल्या हाफिजा मॅडम पर्स काखेत धरून टाळ्या वाजवत होत्या. “चुकलास तू, जिंकले नाहीत ते!” राजाभाऊंनी उपेंद्रला बजावलं, पण तो केव्हाच मैदानाकडे पळाला होता. त्याला किसनला मिठी मारायची होती.

रास अल खोरचा संघ नाचत नव्हता. मधल्या वर्तुळात सगळे घोळका करून तावातावाने भांडत होते. “तिथनं कुणी बाहेर मारतं का?” नीलेश कॅप्टनवर खेकसत होता. “आणि तू पहिल्या गोलला झोपला होतास त्याचं काय?” किसन उलट ओरडत होता. “जिंकलेली मॅच घालवली आपण! घालवली!”

“अरे, अभिनंदन!” उपेंद्र हात पसरून म्हणाला. “बरोबरी केलीत!”

किसनने मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग मावत नव्हता. “बरोबरी काय करायचीय, साहेब? जरा बाजूला व्हा, आमचं बोलणं चाललंय.”

उपेंद्र बाजूला झाला. हात तसेच पसरलेले होते, ते त्याने कुंदाभोवती टाकले, आणि दोघं त्या भांडणाकडे बघत किती तरी वेळ हसत उभी राहिली.